पोटभर आणि पुरेसे : कोलीनच्या मोजमापाचा प्रश्न

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत हा विषय छापून आला तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने तो 'कोळीण' असा वाचला, आणि युनियनचे काम सोडून तुम्ही कोळणींवर कधीपासून बोलू लागलात, असे आम्हांस विचारले. विषय कोलीन हाच आहे, छापणाराने काही घोटाळा केलेला नाही. पण उरणात तरी हे वाचन अगदीच वावगे म्हणता येणार नाही. करंज्याची आणि मोऱ्याची कोळीण डोक्यावरच्या पाटीतून जे दारोदार नेत आली, त्यात हा पदार्थ बऱ्यापैकी असतो. तो आपल्या पोटात पुरेसा जातो की नाही हे कसे ओळखावयाचे, एवढाच आजचा प्रश्न. दिसावयास तो लहान आहे. परंतु त्याच्या मागे जे मोजमापाचे शास्त्र उभे आहे, त्यावर मजुराची मजुरी, उपाहारगृहातले ताट आणि शाळेतल्या मुलाचे अंडे, इतक्या गोष्टी अवलंबून आहेत. म्हणूनच आमच्यासारख्या, शाळेपेक्षा वाचनालयात अधिक शिकलेल्या माणसाने ह्या विषयात हात घातला आहे.

प्रथम कोलीन म्हणजे काय ते पाहू. आडोल्फ श्ट्रेकर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ जनावराच्या पित्तातून वेगळा काढला. ग्रीक भाषेत पित्ताला 'खोले' म्हणतात, त्यावरून १८६२ मध्ये त्याने ह्याला कोलीन हे नाव दिले. पुढे सत्तर वर्षे ह्या पदार्थाची फारशी कोणी विचारपूस केली नाही. इन्सुलिनच्या शोधात बँटिंग ह्यांच्या जोडीने काम केलेले चार्ल्स बेस्ट ह्यांना टोरांटोच्या प्रयोगशाळेत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्सुलिनवर जगत, पण त्यांच्या यकृतात चरबी साचे. लेसिथिन खाऊ घातले की ती ओसरे. लेसिथिनमधला हा गुण कोलीनचा आहे, हे १९३२ मध्ये बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

चरबी का साचते हे उरणकरांना फार खोलात जाऊन सांगावयास नको. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाल्यापासून माल आणि कंटेनर ह्यांचे नाते आपण रोज पाहतो. गोदामात माल तयार आहे, बोट धक्क्याला लागलेली आहे, पण रिकामे कंटेनरच आले नाहीत, तर माल गोदामातच तुंबतो. यकृत हे तसे गोदाम आहे. तेथली चरबी रक्तातून बाहेर धाडावयाची तर तिला एका विशिष्ट वेष्टनात भरावे लागते, आणि ते वेष्टन कोलीनपासून बनणाऱ्या लेसिथिनचे असते. कोलीन नाही, तर वेष्टन नाही. मग चरबी आत. ह्याशिवाय शरीरातील प्रत्येक पेशीच्या भिंतीत लेसिथिन असते. मज्जातंतू स्नायूला जो निरोप देतो, तो नेणारा ॲसिटिलकोलीन हा पदार्थही ह्याच्यापासून होतो. आणखी एक काम आहे, पण ते पुण्याच्या संदर्भात सांगू.

आपले यकृत थोडे कोलीन स्वतःही बनविते, ही ह्यातली मेख आहे. त्यामुळे ते बाहेरून मिळालेच पाहिजे असे कोणी दीर्घकाळ मानले नाही. माणसाच्या आवश्यक अन्नघटकांच्या यादीत त्याला जागा मिळाली ती अमेरिकेत १९९८ मध्ये. ज्यांचे शालेय शिक्षण त्याआधी संपले त्यांनी जीवनसत्त्वांच्या तक्त्यात हे नाव पाहिलेले नसणार.

आता हे मजुराच्या प्रश्नाशी कोठे भिडते ते सांगतो. जुलै १९५७ मध्ये दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. किमान वेतन गरजेवर आधारलेले असावे आणि ती गरज कशी मोजावी, हे तिने ठरविले. कुटुंबात कमावता एक, आणि खाणारी माणसे हिशेबात तीन : पुरुषाचा एक भाग, बाईचा ०.८, दोन मुलांचे प्रत्येकी ०.६. दर भागाला डॉक्टर आयक्रॉईड ह्यांच्या प्रमाणानुसार दिवसाला २,७०० कॅलरी अन्न. वर्षाला कुटुंबास ७२ वार कापड. घरभाडे आणि सरपणदिवाबत्ती निराळी. कामगार चळवळीतील आमच्या पिढीने हे सूत्र परवच्यासारखे पाठ केले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण ह्यांसाठी २५ टक्क्यांची भर घातली, आणि २०१९ च्या वेतन संहितेच्या नियमांचा मसुदा निघाला त्यातही २,७०० कॅलरी तशाच राहिल्या. ह्या सूत्राचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मालकाच्या मर्जीवर असलेली मजुरी त्याने प्रथमच मापाला आणली.

पण माप कसले, तर उष्णतेचे. आणि उष्णता ही बाजारातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात, तेव्हा पाऊण किलोहून थोड्या जास्त तांदळात २,७०० कॅलरी भरतात. तेवढ्या तांदळात कोलीन किती? अमेरिकी कोष्टकाप्रमाणे १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ६ मिलिग्रॅम, म्हणजे सगळे मिळून ४५ मिलिग्रॅमच्या आसपास. उलट एका उकडलेल्या कोंबडीच्या अंड्यात कॅलरी जेमतेम ७५ ते ८०, आणि कोलीन १४७ मिलिग्रॅम. प्रौढ पुरुषाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम पुरेसे, असा अमेरिकेचा आकडा आहे. त्या आकड्याची झडती पुढे घेऊच. पण कॅलरीच्या तागडीत पूर्ण उतरलेले ताट दुसऱ्या तागडीत किती उणे उतरू शकते, एवढे ह्यावरून ध्यानात यावे.

बंदराच्या आसपासच्या एका माल-गोदामात उपाहारगृहाच्या कराराची बोलणी चालली असता व्यवस्थापनाच्या बाजूने आमच्यापुढे असाच एक कागद ठेवण्यात आला होता. ताटात कॅलरी पुरेशा आहेत, असा त्यावर कोणा तज्ज्ञाचा शिक्का. ताट आम्ही जाणून होतो : भाताचा डोंगर, डाळीचे पिवळे पाणी, बटाटा. कागद खोटा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. आमच्या बाजूला बसलेला जासईकडचा एक जुना कामगार एवढेच म्हणाला, "पोट भरतंय सायेब, पन अंगान काय रहत नाय." त्याच्या तक्रारीला त्या टेबलावर आकडा नव्हता, आणि आकडा नसलेली तक्रार कराराच्या मसुद्यात जात नाही. तो आकडा कोठून आणता येईल ह्याचा शोध घेता घेता आम्ही कोलीनपर्यंत आलो.

आकडा आणावयाचा तर पहिला सरळ मार्ग म्हणजे रक्त तपासणे. पंडुरोग आहे की नाही हे हिमोग्लोबिनवरून कळते. आयोडीनचे तर आणखी सोपे. गावातल्या पुरेशा लोकांचे मूत्र तपासावे. मधला आकडा लिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर असला, तर गावाला आयोडीन मिळते असे समजावे. गलगंडाचा उपाय मिठातून करता येतो हे डॉक्टर रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात सिद्ध केले. उरणच्या मिठागरांत ज्यांचे बाप-आजे राबले त्यांना, आपल्या खांद्यावरून गेलेल्या मिठाचे शास्त्र म्हणूनही, हे ठाऊक असावे.

कोलीनच्या बाबतीत मात्र रक्त फसविते. निरोगी माणसाच्या रक्तात कोलीन लिटरला ७ ते २० मायक्रोमोल ह्या टप्प्यात असते. माणूस आठवडाभर उपाशी राहिला तरी ते निम्म्याच्या खाली उतरत नाही, कारण शरीर आपल्याच पेशींच्या भिंती मोडून रक्तातली पातळी राखते. दीर्घ संप ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल. दुसऱ्या महिन्यातही कामगाराच्या खिशात दहा-वीस रुपये खुळखुळत असतात. तेवढ्यावरून त्याचे बरे चालले आहे असे कोणी म्हणेल काय? बायकोचे मंगळसूत्र सोनाराकडे गेले आहे आणि पितळेची भांडी मोडीत गेली आहेत. खिसा तपासून ते कळत नाही. घर तपासावे लागते.

घर तपासणे म्हणजे यकृत आणि स्नायू तपासणे. कोलीन कमी पडले की यकृताच्या पेशी फुटू लागतात आणि त्यांतले एक एंझाइम रक्तात झिरपते, स्नायूंचेही तसेच. अमेरिकेत स्टीव्हन झायझेल ह्यांनी १९९१ मध्ये निरोगी पुरुषांना रुग्णालयात ठेवून काहींना तीन आठवडे कोलीनविरहित अन्न दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील कोलीन ३० टक्क्यांनी उतरले आणि यकृताचे ते एंझाइम चढले. त्यांच्याच गटाचा २००७ चा प्रयोग अधिक बोलका आहे. ५७ प्रौढ स्त्रीपुरुषांचे कोलीन तोडले असता पुरुषांपैकी ७७ टक्के आणि पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी ८० टक्के लोकांत बिघाड दिसला. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत मात्र तो ४४ टक्क्यांतच दिसला. तरुण स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन यकृताला स्वतःचे कोलीन बनविण्यास मदत करते. पण काही स्त्रियांच्या आनुवंशिक घडणीत ही मदत पोहोचत नाही, आणि त्या पुरुषांइतक्याच लवकर खंगतात. इतकेच नव्हे, तर सहा पुरुषांना ७० किलो वजनामागे ५५० मिलिग्रॅम मिळत असतानाही बिघाडाची लक्षणे दिसली. सारांश, कोणाला किती लागते हे माणसागणिक इतके बदलते की एकच काठी सर्वांस लावता येत नाही. आणि असा प्रयोग, म्हणजे माणसास मुद्दाम उणे ठेवून पाहणे, गावोगाव करता येत नाही हे उघडच आहे. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली तरी ती दारूची, मधुमेहाची की लठ्ठपणाची, हे चरबी सांगत नाही.

आता त्या ५५० च्या आकड्याचे कूळ पाहू. १९९८ मध्ये अमेरिकी तज्ज्ञ मंडळापुढे मुख्यतः १९९१ चा तो एक प्रयोग होता. त्यावरून पुरुषांसाठी ५५० मिलिग्रॅम ठरले. स्त्रियांसाठी ४२५ ठरले, ते वजनाच्या प्रमाणात उतरवून. गर्भवतीस ४५० आणि अंगावर पाजणाऱ्या आईस ५५०. मंडळाने प्रामाणिकपणे त्याला 'गरज' म्हटले नाही, 'पुरेसे सेवन' म्हटले. म्हणजे एवढे घेतले तर बहुधा कमी पडणार नाही. युरोपच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये प्रौढांसाठी ४०० हा आकडा धरला, तो बऱ्याच अंशी तेथील निरोगी लोक एरवी किती खातात ते पाहून. एकाच पदार्थाचे दोन खंडांत दोन आकडे झाले, ह्यात लबाडी कोणाचीच नाही.

'पुरेसे' आणि 'गरज' ह्यांतला भेद न कळल्यामुळे मोठा गोंधळ होतो. अमेरिकेच्या आहारपाहणीत असे निघाले की, तेथील सुमारे दहांतल्या एकालाच ह्या पुरेशा आकड्याइतके कोलीन मिळते. लगेच वर्तमानपत्रांत 'दहांपैकी नऊ अमेरिकन कोलीनला मुकले' अशी ओरड होते. असे म्हणता येत नाही. आमच्या ओळखीचे उदाहरण घ्या. गणवेशासाठी दर कामगारास साडेतीन मीटर कापड, असा करार आम्ही करतो, कारण उंच्यापुऱ्या माणसासही ते पुरले पाहिजे. एखाद्याला तीन मीटरच मिळाले, तर तो उघडा राहिला असे होत नाही. तो बुटका असेल तर झाकलेला असतो. किती उघडे राहिले हे मोजावयाचे तर साडेतीनशी ताडून चालणार नाही. मध्यम माणसास किती लागते आणि माणसे किती कमीजास्त उंचीची आहेत, हे दोन्ही ठाऊक हवे. कोलीनच्या बाबतीत ती 'मध्यम गरज' अजून कोणी ठरविलेलीच नाही. म्हणून एखाद्या गावात सरासरी सेवन पुरेशा आकड्याच्या वर असेल, तर तेथे उणीव फारशी नसावी असे म्हणता येते. खाली असेल, तर काहीच ठामपणे म्हणता येत नाही.

हा वाद मराठी माणसाला नवा वाटू नये. त्याची सर्वांत गाजलेली कुस्ती पुण्यात झाली आणि दोन्ही मल्ल सातारा जिल्ह्याचे होते. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ ह्यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' हा प्रबंध प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला २,२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च ज्यांना परवडत नाही ते दरिद्री, ह्या मापाने १९६०-६१ साली खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली ५० टक्के प्रजा दारिद्र्यरेषेखाली ठरली. बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. त्यांनी आक्षेप घेतला की, सरासरी गरज ही उंबरठ्यासारखी वापरणे अशास्त्रीय आहे. एकाच माणसाची गरज आठवड्या-आठवड्याला बदलते, शरीर काही मर्यादेत कमी-अधिक अन्नाशी जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या बऱ्याच खाली जो असेल त्यालाच कुपोषित म्हणावे. दांडेकरांचे उत्तर थोडक्यात असे की, त्या खालच्या रेषेखालचे सर्व उपाशी हे खरे, पण रेषेवरचे सगळे धालेले आहेत हे तुम्ही कशावरून म्हणता? हा वाद १९८० नंतरही काही वर्षे चालला.

आमचे मत विचाराल तर संख्याशास्त्राच्या शिस्तीत सुखात्म्यांची सावधगिरी योग्य होती. वर दिलेले गणवेशाचे उदाहरण त्यांच्याच बाजूचे आहे. पण शरीर जुळवून घेते ह्या वाक्याला आम्ही भितो. जुळवून घेण्याचीही किंमत असते आणि ती बिलात दिसत नाही. कोलीनच्या बाबतीत तर ती किंमत काय ते आताच पाहिले : रक्तातला आकडा शाबूत राहतो, भिंती मोडतात. रेषा कोठेही ओढा, चूक होणारच. मात्र एका बाजूची चूक झाली तर सरकारचे चार पैसे जास्त जातात, आणि दुसऱ्या बाजूची झाली तर पोटुशी बाई उणी राहते. ह्या दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत.

राहिला तिसरा मार्ग, ताट मोजण्याचा. हा आपल्या सर्वांच्या आवाक्यातला म्हणून त्यावर थोडे थांबतो. राष्ट्रीय पोषण निरीक्षण विभाग १९७२ मध्ये हैदराबादच्या पोषण संस्थेत स्थापन झाला, आणि २०१५ मध्ये बंद होईपर्यंत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हेच काम करीत असे. पाहणी करणारा घरी येतो, ठराविक मापाच्या वाट्या पुढे मांडतो, आणि काल सकाळपासून काय काय खाल्ले ते विचारून घेतो. घरात शिजलेले किती, त्यातले कोणाच्या ताटात किती वाट्या, ह्यावरून कच्च्या मालाचा हिशेब. मग कोष्टकात पाहून घटक काढावयाचे. काही ठिकाणी प्रत्यक्ष तराजूही नेतात.

अडचण कोष्टकापासूनच सुरू होते. हैदराबादच्या संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. काम मोठे आणि अभिमानास्पद आहे, पण त्यांत कोलीनचा रकाना नाही. म्हणून अमेरिकेच्या शेतखात्याने २००४ मध्ये प्रथम काढलेल्या कोलीनच्या कोष्टकाकडे जावे लागते. तेथे कॉड आहे, सामन आहे. आपले बोंबील, मांदेली, निवटी तेथे कोठून असणार? कॉडवरून बोंबलाचा अंदाज करणे म्हणजे घोड्याच्या मापाने बैलाचे जू घडविण्यासारखे आहे; बोंबलात पाणीच किती! आणि सुका बोंबील व ओला बोंबील ह्यांचे वजन तर निराळेच निराळे.

त्याहून मोठी अडचण दिवसाची. आगरी-कोळी घरात काल काय खाल्ले हे काल कोणता वार होता त्यावर ठरते. सोमवारी, गुरुवारी पुष्कळांच्या घरी मासळी नाही. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी आहे. श्रावणात तर महिनाभर चूल सोवळी. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुकटीवर आणि जवळ्यावर भागते. पाहणी करणारा श्रावणी सोमवारी आला तर सारे उरण कोलीनला मुकलेले दिसेल, आणि नारळीपौर्णिमेनंतरच्या पहिल्या भरघोस रविवारी आला तर श्रीमंत दिसेल. शास्त्रीय भाषेत सांगावयाचे तर, एका दिवसाच्या ताटात माणसा-माणसातला फरक आणि दिवसा-दिवसातला फरक मिसळलेले असतात. ते वेगळे न केले तर अति कमी खाणारे आणि अति जास्त खाणारे दोन्ही खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. उपाय एकच : त्याच घरी निरनिराळ्या वारी आणि निरनिराळ्या ऋतूंत पुन्हा जाणे. ह्याला पैसा आणि पाय लागतात, म्हणून ते टाळले जाते.

तिसरी गोष्ट न विकत घेतलेल्या अन्नाची. खाजणातली निवटी, चिंबोरी, शेताच्या बांधावर पागून आणलेली कोळंबी, हे सारे उरणच्या गरिबाच्या ताटात बिनपैशाने येत असे. कोळंबी ह्या बाबतीत चांगलीच संपन्न आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आणि आसपास जो लढा झाला आणि पाच माणसे गोळीबारात पडली, तो जमिनीच्या भावाचा लढा म्हणून आपण स्मरतो. जमिनीबरोबर खाजणही गेले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ह्या भागातील १,६३० कोळी कुटुंबांना एकंदर ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. घरटी ५ लाख ८४ हजार. तो हिशेब बुडालेल्या धंद्याचा होता, आणि तो व्हावयासच हवा होता. पण बुडालेल्या कालवणाचा हिशेब करावयास कोणाजवळ माप नव्हते, कारण त्या निवट्यांची नोंद कोणत्याही वहीत कधी झालीच नव्हती.

चौथी, घराच्या सरासरीची. श्रम परिषदेने बाईला ०.८ भाग दिला तो कागदावर. ताटावर तो मिळतो काय? गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, ही कोलीनने काठोकाठ भरलेली वस्तू. ती कोणाच्या पानात पडते हे आपापल्या घरी आठवून पाहावे. सर्वांचे झाल्यावर बसणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा येतो. घराचा हिशेब पाचांनी भागला तर तिच्या नावावरही गाबोळी चढते.

बाईचा प्रश्न शेवटी घेतो, कारण तो सर्वांत गंभीर आहे. गर्भ आईच्या रक्तातून वारेवाटे कोलीन ओढून घेतो. त्याच्या बाजूला प्रमाण आईहून अधिक असते. कॅलिफोर्नियात २००४ मध्ये असे दिसले की, कमी कोलीन खाणाऱ्या मातांच्या बाळांत पाठीच्या कण्याचे व्यंग अधिक होते. पुढे आयर्लंडमध्ये मातांचे रक्त तपासले तेव्हा तसा संबंध आढळला नाही. रक्ताबद्दल वर जे सांगितले ते ध्यानात घेता ह्याचे फार नवल वाटू नये. वाद अजून मिटलेला नाही.

पण महाराष्ट्राला स्वतःचा पुरावा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील सुमारे आठशे गर्भवतींचे ताट, रक्त आणि पुढे त्यांची मुले ह्यांचा अभ्यास केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एक निष्कर्ष आम्ही वाटाघाटींच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. आईने किती कॅलरी आणि किती प्रथिने खाल्ली ह्याचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळे आणि दूध ती किती वेळा खाते, ह्याच्याशी दिसला. कॅलरीच्या तागडीवर शेतकरी बाईच्या ताटानेच ठेवलेले हे बोट आहे.

त्याच अभ्यासात निम्म्याहून अधिक मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. येथे कोलीनचे ते राहिलेले काम येते. शरीरात होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ साचू न देता परत कामाला लावावा लागतो. त्याचे दोन रस्ते आहेत : एक ब-१२ आणि फोलेट ह्यांचा, दुसरा कोलीनपासून होणाऱ्या बिटेनचा. मोऱ्याला ओहोटीमुळे लाँच लागली नाही की मुंबईचा उतारू रस्त्याने वळतो आणि रस्त्यावर गर्दी होते. तसे पहिला रस्ता अडला की दुसऱ्यावर भार पडतो. ह्यावरून आम्ही असे अनुमान करतो की, ज्या बाईत ब-१२ उणे आहे तिला कोलीन अमेरिकन बाईपेक्षा अधिकच लागत असावे. अनुमानच आहे, पण ४२५ हा आकडा उचलून तो तिला लावणाऱ्याने ह्याचे उत्तर दिले पाहिजे.

मुलांचे गणित त्या मानाने सोपे. चार ते आठ वर्षांच्या मुलास २५० मिलिग्रॅम, असा अमेरिकी आकडा आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यास केळे, असे ठरविले. एका अंड्याचे १४७ मिलिग्रॅम सात दिवसांवर वाटले तर रोजचे २१ पडतात. एवढ्यावरही मोठा वाद झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद करून अंडे हवे तर लोकवर्गणीतून द्यावे, असे शासनाने सांगितले. २५० चा आकडा कच्चा आहे, तो उद्या २०० ठरेल. तरी २१ कोठे आणि २०० कोठे.

तेव्हा उरणात हे मोजावयाचे तर कसे? आमच्या मते तीनशे-चारशे घरे पुरतील, पण प्रत्येक घरी चार खेपा व्हाव्यात : एक मासेमारी बंदीत, एक श्रावणात, दोन दिवाळीनंतर, त्यांतली एक उपवाराची. ताट माणसागणिक लिहावे, आणि बाईला तिच्या जेवणाबद्दल घरातल्या पुरुषांसमोर विचारू नये. विकतचे, बागेतले, खाडीतले असे तीन रकाने असावेत. आशा कार्यकर्तीइतके हे काम दुसऱ्या कोणास जमणार नाही. तिला त्याचे वेगळे मानधन मिळाले पाहिजे, फुकटचा बोजा नको. बोंबील, मांदेली, जवळा आणि निवटी ह्यांतले कोलीन एकदा नीट तपासून घ्यावे लागेल. मत्स्य शिक्षणाची केंद्रीय संस्था १९६१ पासून मुंबईतच आहे, फार लांब जावयास नको.

तोवर उपाहारगृहाचे करार थांबत नाहीत. पुढच्या कराराचा जो मसुदा आम्ही केला आहे त्यात कॅलरीचे कलम ठेवले आहे. त्याखाली आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा मासळी, न खाणाऱ्यास उकडलेले सोयाबीन अथवा हरभरे आणि दूध, आणि डाळ पातेल्यात किती किलो पडली ह्याची रोजची नोंद कामगार-प्रतिनिधीस दाखवावी, अशी तीन पोटकलमे घातली आहेत. चौथे पोटकलम असे आहे की, ठेकेदाराच्या माणसांनाही तेच ताट, त्याच रांगेत.